कायमचा पत्ता : सात वर्षांच्या भटकंतीने मला काय शिकवलं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मघाशी चहाच्या सुट्टीत एका मुलीने मला विचारलं, "आपा, तुमचं यूट्यूब चॅनल कोणतं?" मी म्हटलं, माझं चॅनल नाही. तर ती म्हणाली, "मग तुम्हाला पैसे कोण देतं?" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. प्रवासाबद्दल बोलणारे लोक डोंगर दाखवतात, समुद्र दाखवतात, पण हिशेब दाखवत नाहीत. म्हणून मी हिशेबापासूनच सुरुवात करते.

मी मिरजेची. घरी दखनी, दारी मराठी, शाळाही मराठी. माझे अब्बा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या, आणि त्या काळातल्या गोष्टी ऐकतच आम्ही भावंडं वाढलो. मी बी.कॉम. झाले आणि पुण्यात एका कर सल्लागारांकडे नोकरीला लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. छोटे दुकानदार घाबरले होते. विवरणपत्र भरायला माणूस हवा होता आणि ते काम लॅपटॉपवर कुठूनही होत होतं. वर्षभरात माझे स्वतःचे काही ग्राहक झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मी नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली आणि निघाले. तेव्हापासून कुठेही माझ्या नावावर भाड्याचं घर नाही. दोन बॅगा आहेत.

सुरुवातीला मी मोठी चूक केली. दर चार दिवसांनी गाव बदलायचे. साठवलेले एक लाख दहा हजार रुपये तीन महिन्यांत संपले आणि मला एकही गाव नीट आठवत नव्हतं. मग शिकले. एका ठिकाणी निदान महिनाभर राहायचं. महिन्याने घेतलेली खोली रोजच्या खोलीपेक्षा निम्म्याहून स्वस्त पडते. स्वतः शिजवून खायचं. आज माझा महिन्याचा खर्च चोवीस-पंचवीस हजार आहे, आरोग्य विम्याचा हप्ता धरून. सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला असतो, त्याला हात लावायचा नाही. आणि महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे विवरणपत्रांच्या मुदती, या दिवसांत मी जिथे नेट चांगलं असेल तिथेच असते. दोन तारखांना बांधलेली आहे म्हणून बाकीचे अठ्ठावीस दिवस मोकळी आहे. तुमच्यापैकी ज्यांना असं जगायचंय त्यांनी आधी हातात विकता येण्यासारखं एक काम शिकून घ्या. बॅग नंतर घ्या.

आता दुसरा धडा. तो घरातून शिकून निघालेल्या गोष्टींबद्दल आहे.

मार्च २०२० मध्ये मी केरळात कोळिकोडला होते. २२ मार्चला रेल्वे थांबली, २५ पासून देश बंद झाला. मी ज्या खोलीत होते तिथून जवळच कुट्टिचिरा नावाची जुनी मुस्लिम वस्ती आहे. मधोमध मोठं तळं आणि काठावर मिश्काल मशीद. चौदाव्या शतकातली, लाकडाची, एकावर एक उतरत्या कौलारू छपरांची. मिनार नाहीत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिला आग लावली होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मशीद वाटलीच नाही, कारण मशीद कशी दिसते याचं माझ्या डोक्यातलं चित्र मिरजेचं होतं.

टाळेबंदीत तिथल्याच एका कुटुंबाने मला जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्या वस्तीतली कितीतरी घरं आईकडून मुलीकडे चालत आलेली आहेत. लग्न झालं की मुलगी घर सोडत नाही, नवराच तिच्या माहेरी येतो. जावई पिकल्या केसांचा झाला तरी त्याला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ होतो नवा नवरदेव. मी त्या घरातल्या थोरल्या बाईंना माझ्या मोडक्या मलयाळममध्ये विचारलं, "मुलगी सासरी पाठवत नाही?" त्यांनी मलाच उलट विचारलं, "तुमच्याकडे पाठवतात? मग ती आजारी पडली तर बघतं कोण?"

मी निरुत्तर झाले. बाई पाच वेळा नमाज पढणाऱ्या, कुराण अरबीत वाचणाऱ्या. उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. भांडण, लाड, हिशेब, सगळं मलयाळममध्ये. मी लहानपणापासून ज्याला 'आपल्यात असंच असतं' म्हणत आले होते, त्यातलं निम्मं धर्माचं नव्हतंच. ते आमच्या गल्लीचं होतं.

दोन वर्षांनी पश्चिम बंगालमध्ये मेदिनीपूरकडच्या नया गावात राहिले. तिथे चित्रकार नावाचे लोक आहेत. धर्माने मुसलमान, पिढीजात काम लांब पटावर गोष्टी रंगवायचं आणि पट उलगडत त्या गाऊन दाखवायचं. रामायणाची गोष्ट असते, मनसादेवीची असते, सत्यपीराचीही असते. अनेकांना दोन नावं, एक हिंदू वाटेल असं, एक मुस्लिम. आजोबांनी रंगवलेल्या सीतेला नातू रंग देत बसतो आणि शुक्रवारी मशिदीत जातो. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्यांना कधी ना कधी विचारलेलं असतं, तुम्ही नक्की कोण? हा प्रश्न मलाही ओळखीचा आहे. उत्तरेत कुठेही मी मराठीत फोनवर बोलले की समोरचा म्हणतो, "आप तो मुस्लिम हैं ना? फिर मराठी?" पूर्वी मी खुलासा देत बसायचे. आता सांगते, बंगालचा मुसलमान बंगाली बोलतो, तमिळनाडूचा तमिळ बोलतो, मी महाराष्ट्राची आहे. एवढं बोलून चहा पिते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोड गोड चाललंय. तर नाही. उत्तरेतल्या एका शहरात रात्री नऊ वाजता एका लॉजच्या काउंटरवर माझं आधार कार्ड पाहिल्यावर, दोन मिनिटांपूर्वी रिकामी असलेली खोली अचानक भरली. मी बाहेर पडले. रिक्षावाल्याने सांगितलं, पलीकडे आपल्या लोकांचं मुसाफिरखाना आहे. तिथे गेले. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, "मग आम्ही एकट्या बाईला ठेवत नाही." एका दारात नाव आड आलं, दुसऱ्या दारात बाई असणं. ती रात्र मी स्टेशनच्या प्रतीक्षालयात काढली.

पहिल्या दाराबद्दल आपण बोलतो, बोललंच पाहिजे. दुसऱ्या दाराबद्दल आपण गप्प बसतो, कारण ते आपलं आहे. रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला दोन्ही बंद दारं सारखीच दिसतात, एवढंच मी सांगेन.

तिसरा धडा मला सगळ्यात उशिरा समजला. त्यासाठी पुन्हा टाळेबंदीत जावं लागेल.

मी कोळिकोडला अडकले होते. पण कशी? खोली होती, काम सुरू होतं, विवरणपत्रांच्या तारखाही पुढे ढकलल्या होत्या. त्याच शहरात बंगाल, ओडिशा, बिहारचे मजूर अडकले होते. केरळात त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणतात आणि तिथे सामूहिक स्वयंपाकघरंही चालवली गेली. तरी त्यांना घरी जायचं होतं. १ मे २०२० पासून श्रमिक गाड्या सुटायला लागल्या. आपल्याकडे लोक पायी निघाले होते. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. १६ माणसं मेली.

त्या दिवशी मी अब्बांना फोन केला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. खूप वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गाडी त्यांना न्यायची होती, तर बंद होती. त्यांच्यावरून जायची होती, तर सुरू होती."

तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. मी स्वतःला 'बेघर' म्हणवून घ्यायचे, गमतीने, जरा तोऱ्यातही. पण मी बेघर कधीच नव्हते. बँक, विमा, मोबाइलचं सिम, कुठलाही अर्ज घ्या, त्यात एक रकाना असतो : कायमचा पत्ता. मी तिथे डोळे झाकून मिरजेचा पत्ता लिहिते. रेशन कार्ड तिथे, मतदार यादीत नाव तिथे, टपाल तिथे. दर हिवाळ्यात आपल्याच जिल्ह्यात ऊस तोडायला मराठवाड्यातून माणसं येतात, फडाजवळ कोप्या टाकून राहतात. त्यांची मुलं सहा महिने इथे, सहा महिने तिथे, शाळा दोन्हीकडे अर्धी. आपल्या राज्यातल्या भटक्या-विमुक्तांकडे पिढ्यान् पिढ्या हा रकाना भरायला काही नव्हतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने त्यांतल्या कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. छप्परबंदांसारखे मुस्लिम समाजही त्या यादीत होते. त्यांचं फिरणं म्हणजे संशय, माझं फिरणं म्हणजे हौस. फरक पायांत नाही, कागदात आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, कागद सांभाळा. मी २०१९ ला मतदान केलं नाही. मेघालयात होते, परत येण्याचा कंटाळा केला. ७ मे २०२४ ला सांगली मतदारसंघात मतदान होतं, तेव्हा दोन रात्रींचा प्रवास करून आले. माझ्याकडे येण्याचे पैसे होते. आपल्या आसपास कामासाठी बाहेर असलेले किती जण पैशाअभावी येऊ शकत नाहीत, किती जणांची नावंच यादीत नाहीत, हे आपापल्या मोहल्ल्यात तपासा. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळे आता दुसऱ्या राज्यातही आपल्या कार्डावर धान्य मिळू शकतं, हे कितीतरी मजुरांना माहीत नाही. ते सांगायला फार मोठी संघटना लागत नाही, एक माहितगार मुलगा किंवा मुलगी पुरते.

आणि आता शेवटचा धडा. हा सांगावा की नाही, याचा मी विचार करत होते.

तुम्ही इब्न बतूताचं नाव ऐकलं असेल. टँजियरचा. १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी हजला म्हणून घरातून निघाला आणि चोवीस वर्षं घरी परतला नाही. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या काळात काझी झाला, आपल्या दौलताबादेत आला, चीनला निघाला तेव्हा कोळिकोडच्याच किनाऱ्यावर वादळात त्याची जहाजं गेली. त्याच्या प्रवासाचं कौतुक आपण सगळे करतो. मीही निघताना त्याचं चित्र लॅपटॉपवर लावलं होतं. पण त्याच्याच वृत्तांतात आणखी एक गोष्ट आहे, ती मी तेव्हा लक्षात घेतली नव्हती. १३४८ मध्ये तो दमास्कसला परत आला. तिथे तो मागे एक मुलगा सोडून गेला होता. तो मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारल्याचं त्याला तेव्हा कळलं. तिथेच गावाकडचा एक माणूस भेटला आणि त्याने सांगितलं, तुझे वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. आई होती. तो घराच्या वाटेला लागला, आणि पोचण्याआधीच वाटेत कळलं की तीही प्लेगने गेली.

जुलै २०२२ मध्ये मी आसामात माजुलीला होते. ब्रह्मपुत्रेतलं बेट आहे. जोरहाटकडे यायला होडीवजा फेरीबोट, आणि संध्याकाळच्या आत शेवटची फेरी सुटते. संध्याकाळी भाभीचा फोन आला. अब्बांना छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तासाभरात संपलं. शेवटची फेरी गेलेली. सकाळची पहिली फेरी, जोरहाट, कोलकाता, पुणे, तिथून रात्रीची बस. आपल्याकडे मय्यत थांबवून ठेवत नाहीत. मीही थांबवा म्हटलं नाही. सकाळी दफनाच्या आधी भाभीने व्हिडिओ कॉल लावून फोन अब्बांच्या चेहऱ्यासमोर धरला. मी फेरीच्या रांगेत उभी होते. चित्र दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा गेलं.

तिसऱ्या दिवशी घरी पोचले. एका नातेवाइकांनी समजूत घातली, "बेटा, तू वेळेवर आली असतीस तरी कब्रस्तानात थोडीच जाणार होतीस." ते चांगल्या मनाने म्हणाले. मला आजही ते वाक्य सोसत नाही. पण त्यांच्यावर चिडून माझं उशिरा येणं काही कमी होत नाही.

अब्बा गार्ड होते हे मी सांगितलं. लहानपणी मी त्यांना विचारायचे, तुम्ही पुढे इंजिनात का बसत नाही, शेवटच्या डब्यात काय करता? ते सांगायचे, शेवटच्या डब्यावर एक पाटी असते, एल.व्ही. अशी अक्षरं असतात. स्टेशनवरचा माणूस इंजिनाकडे बघून गाडी आली म्हणत नाही. ती पाटी दिसली की म्हणतो, गाडी पूर्ण आली, मागे काही सुटलं नाही.

मी चाळीसाव्यापर्यंत देश बघून टाकायचा म्हणून पुढे बघत होते. मागे काय होतं? भाभी होती. अब्बांच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ होत्या. माझं टपाल ती घ्यायची. बँकेचं पत्र आलं की फोटो काढून पाठवायची. अम्मींचे गुडघे ती चोळायची. माझा कायमचा पत्ता म्हणजे ती होती. लग्न होऊन आली तेव्हा ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा द्यायची राहून गेली. चौदा वर्षांत ती एकदा अजमेरला आणि दोनदा माहेरी गेली होती, तेही सगळ्यांना घेऊन. तीन वर्षं मी तिला फोनवर सांगत होते, भाभी, काय सुंदर जागा आहे. तिने एकदाही म्हटलं नाही, मलाही ने.

चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाल्यावर मी तिला विचारलं, तुला कुठे जावंसं वाटतं? ती हसली. म्हणाली, "मी गेले तर घर कोण बघेल?" कुट्टिचिराच्या त्या बाईंचा प्रश्न आठवला. बघतं कोण?

तेव्हापासून नियम केला आहे. वर्षातले तीन महिने मी मिरजेत असते, पाहुणी म्हणून नाही. स्वयंपाक माझा, अम्मींचा दवाखाना माझा, भावाच्या मुलांचा अभ्यास माझा. पहिल्या वर्षी माझ्या हातची डाळ कुणी खाल्ली नाही, तरी मी हटले नाही. त्या महिन्यांत भाभी मोकळी. आधी तिने राहिलेली परीक्षा दिली. भावालाही पोळ्या लाटायला बसवलं. तो म्हणाला, जमत नाही. मी म्हटलं, जमेल, मालगाडीचे गार्डही शेवटच्या डब्यात स्टोव्हवर करून खायचे.

मागच्या जानेवारीत भाभी आणि तिची धाकटी बहीण मिरजेहून पूर्णा एक्सप्रेसने कोळिकोडला गेल्या. मधे कुठे बदलायची गरज नाही, तीच गाडी थेट नेते. आठ दिवस राहिल्या. त्या घरातल्या बाईंनी तिला मिश्काल मशीद दाखवली. तिचा फोन आला तेव्हा मी गॅससमोर होते. म्हणाली, "इथल्या बायका घर सोडत नाहीत गं, नवरेच येतात! तुझ्या भावाला सांगू का?" मी म्हटलं, सांग, पण आधी परत ये, इथे पीठ संपलंय. ती म्हणाली, "दळून आण की. गिरणी कुठे आहे माहीत आहे ना?"

खरं सांगते, गिरणी कुठे हलली होती हे मला माहीत नव्हतं. शेजारी विचारावं लागलं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, फिरा. मुलींनी तर नक्की फिरा, आणि घरच्यांनी विचारलं तर हिशेब मांडून दाखवा. पण निघण्याआधी एक गोष्ट करा. तुमच्या कायमच्या पत्त्यावर कोण राहतं, तिचं किंवा त्याचं नाव एका कागदावर लिहा. आणि त्याच कागदावर तारीख लिहा, की तुम्ही घर सांभाळणार आणि ती व्यक्ती निघणार.

प्रश्न असतील तर विचारा.